बीन टू कप कॉफी मशीन घरी घ्यायचंय? आधी पाणी, दूध अन् ब्रू युनिट बघा

आपल्या जळगाव-धुळ्याकडं कॉफी मशीन म्हटलं की बऱ्याच जणांना लग्नाच्या बुफेतलं ते वाफ सोडणारं मशीन आठवतं, इन्स्टंट पावडर, साखर, दूध अन् वरून फेस. ऑफिसात असतं ते बहुतेक वेळा प्रीमिक्सचं. बीन टू कप हे या दोघांपेक्षा वेगळं आहे, त्यात वरून अख्ख्या भाजलेल्या बिया टाकायच्या, मागं किंवा बाजूला पाणी भरायचं, बटण दाबायचं, अन् दळण्यापासून चोथा फेकण्यापर्यंत सगळं मशीन आतल्या आत करतं. इटलीच्या सॅको कंपनीनं 1985 मध्ये घरात वापरायचं असं मशीन आणलं अन् आतली मूळ रचना आजही बरीचशी तशीच आहे.

आता हे मशीन 40-50 हजारांपासून पुढं जातं, लाखाच्या वरचीही आहेत. एवढे पैसे घालताना लोक स्क्रीनवर किती ड्रिंक आहेत ते मोजतात, 5 का 8 का 12. माझं स्पष्ट मत, हा आकडा सगळ्यात शेवटी बघा. मशीन आपल्याकडं टिकतं का नाही ते ठरतं पाण्यावर, दुधावर, आतलं धुता येतं का त्यावर अन् बिघडलं तर माणूस येतो का त्यावर.

आधी आत काय होतं ते समजून घ्या

बटण दाबलं की पहिले ग्राइंडर फिरतो. मिक्सरचं पातं बिया नुसत्या तोडतं, त्यामुळं काही भाग पीठ होतो अन् काही भाग रवा राहतो, म्हणून या मशीनमध्ये पातं नसतं, जात्यासारख्या दोन दातेरी चकत्या असतात अन् त्यांच्यातल्या फटीतून बी भरडून बाहेर पडते, त्याला बर ग्राइंडर म्हणतात. चकत्या स्टीलच्या किंवा सिरॅमिकच्या. यावरून दुकानात फार चर्चा होते पण घरच्या वापराला दोन्ही चालतात, सिरॅमिकला फक्त खड्याची भीती जास्त, बियांमध्ये चुकून बारीक खडा आला तर चकतीचा टवका उडू शकतो.

दळलेली पावडर, साधारण 7 ते 12 ग्रॅम, ब्रू युनिटमध्ये पडते. हे ब्रू युनिट म्हणजे मशीनचं काळीज. एक सिलिंडर, त्यात पिस्टन, तो पावडर दाबून तिची घट्ट चकती करतो. मग थोडंसं गरम पाणी सोडून पावडर आधी ओली केली जाते, क्षणभर थांबून पंप जोर लावतो अन् त्या दाबानं पाणी चकतीतून जाऊन कॉफी होऊन नळीतून कपात येते. पाणी तापवायला बहुतेक घरगुती मशीनमध्ये थर्मोब्लॉक असतो, म्हणजे धातूचा गरम ठोकळा अन् त्यातून जाणारी अरुंद नळी, पाणी जाता जाता तापतं. कॉफीला पाणी 90 ते 96 अंशांचं लागतं, उकळतं नाही. किती पाणी गेलं ते एक छोटी चक्री मोजते अन् ठरलेलं झालं की पंप बंद. शेवटी पिस्टन मागं येतो अन् चोथ्याची वडी आतल्या डब्यात पडते.

खोक्यावर 15 बार, 19 बार असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं (बार म्हणजे दाब मोजायचं माप), त्यावर जाऊ नका. ती पंपाची जास्तीत जास्त ताकद आहे, एस्प्रेसोला, म्हणजे अशी दाबानं काढलेल्या कडक कॉफीला, प्रत्यक्ष 9 बारच्या आसपास दाब पुरतो. 19 बारचं मशीन 15 वाल्यापेक्षा चांगली कॉफी देतं असं काही नाही.

पहिलं काम: घरचं पाणी तपासा

हे मी मुद्दाम पहिलं ठेवलंय कारण खान्देशात मशीनचा खरा शत्रू पाण्यातले क्षार आहेत. जळगाव शहरात वाघूर धरणाचं पाणी येतं, पण नळाला रोज पाणी नसलं की किती सोसायट्या अन् घरं बोअरवर चालतात ते आपल्याला माहितीये, खेड्यांवर तर बोअर अन् विहीरच. तुमच्या गिझरच्या कॉईलवर, बादलीच्या कडेला, नळाच्या जाळीवर पांढरा थर धरत असेल तर तेच कॅल्शियम कार्बोनेट थर्मोब्लॉकच्या त्या अरुंद नळीत बसणार, आधी कॉफी कोमट यायला लागेल, मग धार बारीक होईल अन् मग पंप नुसता घरघर करेल.

बऱ्याच मशीनच्या खोक्यात पाण्याचा जडपणा मोजायची कागदाची पट्टी येते, पाण्यात एक सेकंद बुडवायची, मिनिटभर थांबायचं अन् रंग बघून मशीनच्या सेटिंगमध्ये तो आकडा टाकायचा. लोक हे करतच नाहीत, अन् मग मशीन आपल्या हिशोबानं डिस्केलिंगची, म्हणजे आतला क्षारांचा थर काढायची, आठवण उशिरा देतं. हे नक्की करा.

आता प्रश्न येतो आरओचा. घरी आरओ आहे म्हणजे प्रश्न मिटला असं वाटतं, क्षाराच्या बाबतीत मिटतो पण चवीच्या बाबतीत नाही, कारण कॉफीतली चव पाण्यात उतरायला थोडे क्षार लागतातच. कॉफीवाले साधारण 150 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचं प्रमाण) पाणी चांगलं मानतात, अन् घरच्या आरओतून 30-40 टीडीएसचं पाणी येत असेल तर कॉफी फिक्की लागते. उपाय सोपा आहे, टीडीएस मीटर स्वस्तात मिळतं, आरओवाल्याला बोलावून कंट्रोलरनं टीडीएस 100 ते 150 च्या दरम्यान आणून घ्या. मात्र टीडीएस म्हणजे जडपणा नव्हे, टीडीएसमध्ये मीठ वगैरे सगळंच येतं, म्हणून पट्टीची तपासणी वेगळी करायचीच. जारचं पाणी वापरत असाल तर तेही एकदा मोजा, जारवाला बदलला की आकडा बदलतो.

दूध आपलं कसं आहे त्यावर मॉडेल ठरवा

आपल्याकडं काळी कॉफी पिणारे थोडे, दुधाची पिणारे सगळे. म्हणून दुधाची सोय हा निवडीचा मोठा भाग आहे. तीन प्रकार मिळतात. एक, साधी वाफेची नळी, भांड्यात दूध घेऊन स्वतः फेस काढायचा. दोन, दुधाचा डबा किंवा पातळ नळी, मशीन स्वतः दूध ओढून फेसाळून कपात सोडतं. तीन, नळीच नसलेला डबा, दोन-तीन भागांत सुटतो अन् नळाखाली धुता येतो.

आपण दूध उकळतो, त्याच्यावर साय धरते अन् म्हशीचं असेल तर जाड साय. त्या सायीचा एक बारीक तुकडा पातळ नळीत अडकला की फेस बंद, अन् आत राहिलेलं दूध मे महिन्यात 44-45 अंशांच्या उन्हात काही तासांत आंबतं, मग वास जाता जात नाही. म्हणून माझा सल्ला, पातळ लांब नळीचं मशीन आपल्याकडं घेऊ नका. एकतर साधी वाफेची नळी घ्या, शिकायला आठवडाभर जाईल पण पुसली की स्वच्छ, नाहीतर नळी नसलेला डबा घ्या.

अन् दूध कुठलंही असो, उकळून, पूर्ण गार करून, फ्रिजमधलं थंड, बारीक गाळणीनं गाळून वापरा. फेस धरतो दुधातल्या प्रोटीनमुळं, फॅटमुळं दाटपणा येतो, म्हणून म्हशीच्या दुधाची कॉफी गोडसर दाट लागते पण फेस जड होतो, गाईच्या दुधाचा हलका येतो. घरात दोन्ही असेल तर अर्धं-अर्धं करून बघा, फार छान लागतं.

ब्रू युनिट बाहेर निघतं का

दुकानात किंवा व्हिडिओत हे बघाच. काही मशीनमध्ये बाजूचं दार उघडून ब्रू युनिट हातानं काढता येतं, आठवड्याला नळाखाली धुवायचं, वाळवायचं, परत बसवायचं. काहींमध्ये ते आत पक्कं असतं अन् साफसफाईची गोळी टाकून मशीन स्वतः धुतं. पक्कं असलेली मशीनही चांगली असतात, वाईट म्हणत नाही, पण त्यांना आतून साफ करायला शेवटी माहितगार माणूस लागतो अन् तो भुसावळ-नंदुरबारला सहज मिळेलच असं नाही. काढता येणारं घेतलं की निम्मं काम आपल्या हातात राहतं. पावसाळ्यात ओल्या चोथ्यावर दोन दिवसांत बुरशी धरते, त्या वेळी हे डोळ्यांनी बघून धुता येणं फार मोलाचं आहे.

सर्व्हिस

ऑर्डर करायच्या आधी कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करा अन् आपला पिनकोड सांगून सरळ विचारा, माणूस घरी येतो का, का मशीन पॅक करून नाशिक-पुण्याला पाठवावं लागतं, अन् पाठवायचा खर्च कोणाचा. उत्तर ईमेलवर घ्या. परदेशातून कोणी नातेवाईक आणत असेल तर भारतात वॉरंटी चालते का ते विचारा, अन् अमेरिकेचं मशीन 110-120 व्होल्टचं असतं, ते आपल्या 230 व्होल्टवर थेट लावायचं नाही. मशीनचं मूळ खोकं अन् थर्माकोल वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवा भो, त्याशिवाय कुरिअरला देणं म्हणजे तुटणं.

जागा अन् वीज

ही मशीन साधारण 1450-1500 वॅटची असतात म्हणजे 6 अँपिअरच्या वर करंट ओढतात, 16 अँपिअरचं मोठं सॉकेट अन् चांगलं अर्थिंग पाहिजे, एक्स्टेंशन बोर्डावर लावू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हे चालणार नाही. लाईट मध्येच गेली तर घाबरायचं नाही, आल्यावर मशीन स्वतः पिस्टन जागेवर आणतं, मात्र तोपर्यंत ब्रू युनिट ओढून काढायचा प्रयत्न करू नका, अडकलेलं असतं, जोर लावला की तुटतं. व्होल्टेज फार खाली-वर होत असेल तर इलेक्ट्रिशियनला विचारून योग्य क्षमतेचा स्टॅबिलायझर बसवा.

ओट्यावरची उंची मोजा, वरचं कपाट आडवं आलं तर बिया टाकायला रोज मशीन ओढावं लागेल. ब्रू युनिटचं दार ज्या बाजूला आहे ती बाजूही मोकळी लागते.

बिया कोणत्या घ्यायच्या

गावातल्या किराणा दुकानात मिळते ती इन्स्टंट किंवा चिकोरी मिसळलेली फिल्टर पावडर, ती दोन्ही या मशीनची नाहीत. पावडर टाकायचा वेगळा कप्पा असला तरी त्यात इन्स्टंट टाकू नका, ती विरघळून आत चिकटते, अन् चिकोरीही पाण्यानं चिकट होऊन अडथळा करते.

चिकमगळूर अन् कूर्गच्या बिया ऑनलाइन सहज येतात. पाकिटावर रोस्टची तारीख बघा, भाजून आठवडा ते महिनाभराच्या आतल्या घ्या. दुधाची कॉफी पिणार असाल तर अराबिकात थोडी रोबस्टा (या कॉफीच्या दोन जाती) मिसळलेली मिडीयम रोस्ट, म्हणजे मध्यम भाजलेली, घ्या, कडकपणा दुधातून वर येतो अन् फेसही चांगला. एकदम काळ्या, तेलकट चमकणाऱ्या बिया टाळा, ते तेल ग्राइंडरमध्ये बसतं अन् बिया खाली सरकतच नाहीत. फ्लेवरवाल्या, साखरेचा थर दिलेल्या तर अजिबात नको.

आपल्या उन्हाळ्यात हॉपर, म्हणजे मशीनवरचा बियांचा डबा, काठोकाठ भरून ठेवू नका, दोन-तीन दिवसांपुरत्याच टाका, बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यात, गॅसपासून लांब. 250 ग्रॅमचं पाकीट 450 रुपयांना धरलं अन् कपाला 9 ग्रॅम, तर 27 कप होतात, म्हणजे बियांचा खर्च कपाला 17 रुपयांच्या आसपास, दूध वेगळं. घरात दिवसाला एकच कप होत असेल तर मात्र एवढं मोठं मशीन कशाला, साऊथचा पितळी किंवा स्टीलचा फिल्टर किंवा गॅसवर ठेवायचा मोका पॉट काहीशे-हजार रुपयांत येतो अन् सुंदर कॉफी देतो. चार-पाच कप रोजचे असतील, पाहुण्यांची वर्दळ असेल, तर बीन टू कप परवडतं.

आल्यावर काय करायचं

टाकी धुऊन भरा, पाण्याची पट्टी करा, पहिले चार-पाच कप ओतून द्या, ग्राइंडर अजून भरत असतो अन् चव बसलेली नसते. मग दळण ठरवा. कॉफी पाणचट अन् आंबट लागते, धार भसाभसा येते तर दळण एक घर बारीक करा, कडू लागते अन् थेंब-थेंब येते तर जाड करा. दळणाचं बटण ग्राइंडर फिरत असतानाच फिरवायचं, बंद असताना नाही, अन् एका वेळी एकच घर, कारण आत आधीची पावडर उरलेली असते, फरक दोन-तीन कपांनी कळतो. दळण जमलं की मग पाण्याचं प्रमाण अन् कडकपणा. सगळं एकदम बदललं तर कशामुळं काय झालं ते कळत नाही.

रोज चोथ्याचा डबा अन् खालचा ट्रे रिकामा करायचा, दुधाचा भाग धुवायचा. आठवड्याला ब्रू युनिट, साबण न लावता, साध्या पाण्यानं. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या रबरी रिंगला अन् सरकत्या भागांना फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस, खोबरेल तेल नाही. डिस्केलिंगचा दिवा लागला की त्याच आठवड्यात करून टाका, कंपनीचं किंवा कॉफी मशीनसाठीचं लिक्विड वापरा, व्हिनेगर नको, रबर खराब होतं अन् वास राहतो.

अन् दिवाळीला किंवा उन्हाळी सुट्टीत गावाला जाणार असाल तर निघायच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करा, हॉपरमधल्या उरलेल्या बिया काढून घ्या, चोथा फेका, ट्रे कोरडा पुसा, ब्रू युनिट धुऊन वाळवून बाहेरच ठेवा अन् प्लग काढा. परत आल्यावर दोनदा नुसतं गरम पाणी सोडून मगच बिया टाका.