गोल्फ कार्ट गेटबाहेर काढण्याआधी

घोडबंदर रोडच्या मोठ्या संकुलांत आजी-आजोबांना गेटपर्यंत सोडायला गोल्फ कार्ट असते. फार चांगली सोय. पण ‘समोरच तर मेडिकल आहे’ म्हणून ती सर्व्हिस रोडवर आणू नका. फक्त बंदिस्त आवारात वापरायच्या खास गाड्यांना मोटार वाहन कायद्यातून वगळलंय. ही सवलत गेटपाशी संपते. बाहेर नोंदणी, थर्ड पार्टी विमा आणि लायसन्स, तिन्ही लागतं.

‘बॅटरीवर चालते, नंबर कशाला?’ असं बरेच जण म्हणतात. ती सूट ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी ताकद आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल तरच. सहा माणसं ओढणारी कार्ट त्यात बसत नाही.

कार्टच्या मागे जाऊन बघा. हिरवी नंबर प्लेट नसेल तर गाडी आतच ठेवा. मागच्या उलट्या सीटवर बहुधा फक्त एक दांडा असतो, पट्टा नसतो. रिक्षा-बसच्या गर्दीत तिथे आजींना बसवायचं?

आणि मुलांच्या हाती चावी नकोच. अठरा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर गाडी चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.