क्लबमधे फॉक्स हंट करायचंय? अँटेना बनवण्यापासून कोल्हा सापडेपर्यंत सगळं

हॅम रेडिओच्या (परवाना घेऊन हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या) क्लबमधे करण्यासारखं बरंच असतं. आठवड्याचा नेट (ठरलेल्या वेळी सगळ्यांच्या रेडिओवरच्या गप्पा) असतो, कुणी मोर्स शिकवतं, कुणी आयएसएस (आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक) वरून मधूनमधून 145.800 मेगाहर्ट्झवर येणारी चित्रं पकडत बसतं, फील्ड डेला (मैदानातून रेडिओ चालवायच्या दिवशी) सगळे बॅटऱ्या न् वायरी घेऊन मोकळ्या मैदानात अँटेना उभ्या करतात. पण नवीन आलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी कामाला लावायचं असेल तर माझ्या मते फॉक्स हंटसारखं दुसरं काही नाही. कुणीतरी छोटा ट्रान्समीटर लपवतं, तो कोल्हा, आणि बाकीच्यांनी हातात अँटेना घेऊन सिग्नलच्या मागे जात तो शोधून काढायचा. यात शोधणाऱ्याला ट्रान्समिट करायचंच नसतं, नुसतं ऐकायचं असतं, त्यामुळे ज्याची परवान्याची परीक्षा अजून व्हायचीय तोसुद्धा जुन्या लोकांबरोबर पळू शकतो (फक्त ऐकण्यासाठीही परवाना लागतो का हे आपापल्या देशाच्या नियमात बघून घ्या). लहान मुलं तर यात मोठ्यांना सहज मागे टाकतात.

ही फक्त गंमत नाहीये बरं का. कुणाचा माइक अडकून रिपीटर (सिग्नल पकडून लांबपर्यंत परत पाठवणारं स्टेशन) जाम झाला, बँडवर कुठूनतरी घरघर यायला लागली, हवामान खात्याचा फुगा फुटून त्याचा रेडिओसाँड (हवामानाची मोजमापं पाठवणारा छोटा ट्रान्समीटर) कुठेतरी शेतात पडला, की त्याचा माग काढायला हीच विद्या लागते. विमानाचा आपत्कालीन बीकन (संकटाचा सिग्नल देणारा ट्रान्समीटर) 121.5 मेगाहर्ट्झवर ओरडत असतो, त्याच्याकडे जाणारे लोकही असंच दिशा घेत घेत जातात.

आता सामान. हँडी (हातात धरायचा वॉकीटॉकीसारखा रेडिओ) आहे ना हातात, मग अर्धं काम झालं. राहिली अँटेना, ती मोजपट्टीची यागी (एका बाजूचा सिग्नल जास्त पकडणारी अँटेना) बनवायची. सुतार वापरतात ती स्टीलची गुंडाळणारी टेप, साधारण 25 मिलिमीटर रुंदीची, अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप, दोन क्रॉस, एक टी, काही होज क्लॅम्प आणि एखाद-दीड मीटर आरजी-58 केबल. टेपचा फायदा हा की झुडपात शिरलात तर ती वाकते आणि परत सरळ होते, अॅल्युमिनियमच्या नळीचं तसं नाही, ती एकदा वाकली की वाकलीच.

मापं लिहून घ्या. रिफ्लेक्टर (मागची पट्टी) 105 सेंटिमीटर. मधला ड्रिव्हन एलिमेंट (केबल जोडायची पट्टी) दोन तुकड्यांत, प्रत्येकी 45, आणि दोघांच्या मधे अडीचेक सेंटिमीटर फट. डायरेक्टर (पुढची, कोल्ह्याकडे रोखायची पट्टी) 89. रिफ्लेक्टर ते ड्रिव्हन अंतर 20 आणि ड्रिव्हन ते डायरेक्टर 32, म्हणजे बूम (पट्ट्या बसवायचा आडवा पाइप) फक्त अर्धा मीटरभर, वर हातात धरायला जरा जास्त पाइप सोडायचा तो रिफ्लेक्टरच्या मागे. ड्रिव्हनच्या दोन तुकड्यांमधे साडेबारा सेंटिमीटर वायरचा यू आकाराचा हेअरपिन सोल्डर करायचा, त्याच दोन टोकांना केबलची मधली तार एकीकडे आणि जाळी दुसरीकडे. एलिमेंट इतके जवळ आले की अँटेनाचा इंपिडन्स (रेडिओ सिग्नलला होणारा विरोध, तो केबलच्या 50 ओहमशी जुळावा लागतो) 50 ओहमच्या खाली जातो, तो हेअरपिनने परत वर आणायचा असतो, म्हणून तो विसरू नका.

सोल्डरिंगला लोक इथे वैतागतात, कारण टेपवर पेंट असतो आणि खाली स्टील उष्णता ओढून घेतं. आधी सॅंडपेपरने टोकाचा पेंट पूर्ण घासून चकचकीत धातू दिसेपर्यंत न्या, फ्लक्स लावा, जरा मोठ्या वॉटचं सोल्डरिंग आयर्न घ्या आणि टेपवर आधी एकट्यावर सोल्डरचा थर चढवा, मग वायर जोडा. आणि हे सगळं टेप पाइपला क्लॅम्पने आवळायच्या आधी करा, नाहीतर पीव्हीसी वितळतं. कापलेल्या टोकांना धार असते, कोपरे गोल कापून त्यावर इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे द्या, गर्दीत कुणाच्या डोळ्याला लागलं तर सगळ्या दिवसाची वाट लागेल. क्लबमधे कुणाकडे नॅनो व्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेलच, त्यावर एकदा एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते त्याचा आकडा) बघून घ्या, पण नुसतं ऐकायला वापरणार असाल तर तो जरा इकडेतिकडे असला तरी काही बिघडत नाही, दिशा ती बरोबरच दाखवेल.

बनवलीत की लगेच मैदानात पळू नका. एखाद्याला मोकळ्या जागेत दोनशे-तीनशे मीटरवर हँडी घेऊन उभं करा, कमी पॉवरवर बोलायला लावा आणि आपण गोल फिरून बघा. दोन गोष्टी कळतील. एक, समोरची दिशा बऱ्यापैकी रुंद आहे, वीस-तीस अंश इकडेतिकडे झालं तरी सिग्नल सारखाच वाटतो, त्यामुळे जास्तीत जास्त कुठे आहे ते शोधण्यापेक्षा दोन्ही बाजूंना तो सारखा कमी कुठे होतो ते बघा आणि त्यांचा मध्य धरा. दुसरं, अँटेना उभी आणि आडवी धरण्यात खूप फरक पडतो. कोल्ह्याची अँटेना उभी असेल तर आपलीही उभी, ती आडवी असेल तर आपलीही आडवी.

हँडीचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) पूर्ण उघडा ठेवा. एफएममधे सिग्नल चांगला झाला की आवाजाची पातळी वाढत नाही, कारण रिसीव्हर सगळं एकाच पातळीवर आणून ठेवतो, फक्त मागची खरखर कमी होत जाते. म्हणजे सिग्नल कमजोर असेल तेव्हा कानाने खरखर मोजायची आणि बळकट झाला की डोळ्याने हँडीवरचा सिग्नल मीटर बघायचा.

आणि इथेच खरी गोम आहे. सगळ्यांना वाटतं फॉक्स हंट म्हणजे कमजोर सिग्नल पकडायची चढाओढ, मोठी अँटेना, जास्त गेन (सिग्नल वाढवायची ताकद). उलट आहे. मोकळ्या जागेत अंतर निम्मं झालं की सिग्नल 6 डीबीने (डेसिबलने, म्हणजे चौपट) वाढतो, म्हणजे तीन किलोमीटरवरून तीन मीटरवर येईपर्यंत तो 60 डीबीने वाढलेला असतो, आणि हँडीच्या मीटरवरच्या त्या पाच-सात काड्या एवढी रेंज दाखवूच शकत नाहीत. शेवटचे शंभर मीटर राहिले की मीटर कुठेही वळलात तरी फुल, अँटेना काढून टाकली तरी फुल, आणि माणूस एकाच झाडाभोवती फेऱ्या मारत बसतो. म्हणून पहिल्यापासून मनात एकच ठेवायचं की जसजसे जवळ जाल तसतसा सिग्नल कमी करत न्यायचा, मीटर कायम मधे राहिला पाहिजे.

कमी कसा करायचा याच्या बऱ्याच युक्त्या आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे फ्रिक्वेन्सी सरकवणं. कोल्हा 145.500 वर असेल तर हँडी 145.505 वर न्या, मग 145.510, मग 145.515, फिल्टरच्या काठावर आणि बाहेर गेलात की तोच सिग्नल कमजोर वाटायला लागतो आणि मीटरला परत जीव येतो. ड्युअल बँड (दोन वेगळ्या पट्ट्यांवर ऐकणारी) हँडी असेल तर आणखी एक मस्त प्रकार, तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा हलका सिग्नल. 145.500 ला तीनने गुणा, 436.500 येतं, तिथे लावा. प्रत्येक ट्रान्समीटर थोडासा हार्मोनिक सोडतोच, तो इतका कमी असतो की जवळ गेल्याशिवाय ऐकूच येत नाही, त्यामुळे तो ऐकू आला म्हणजे तुम्ही जवळ आलात हे नक्की.

काहीच नसेल तर अंगाचा वापर करा. हँडी छातीला चिकटवून धरा आणि हळूहळू एक गिरकी घ्या. आपलं शरीर पाठीमागून येणारा सिग्नल अडवतं, म्हणजे जिथे सिग्नल सगळ्यात कमी होईल तिथे कोल्हा बरोबर तुमच्या पाठीमागे. वाचताना साधं वाटतं पण यागी नसलेल्या नवीन मुलांनी नुसत्या याच्या जोरावर कोल्हा काढलेला मी बघितलाय.

ज्यांना पुढे जायचंय त्यांनी क्लबच्या बनवाबनवीच्या दिवशी ऑफसेट अटेन्युएटर (सिग्नल दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेऊन कमी करणारी जोडणी) करायला घ्या. एक 4 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर, एक डायोड, एक पोटेंशियोमीटर, बॅटरी, बस. तो केबलच्या मधे लावायचा आणि हँडी कोल्ह्याच्या 145.500 पेक्षा 4 मेगाहर्ट्झ जास्त, म्हणजे 149.500 वर लावायची (आधी बघा तुमची हँडी तिथे ऐकते का). डायोडमधे दोन्ही फ्रिक्वेन्सी मिसळून तिथे कोल्ह्याची नक्कल तयार होते आणि पोटेंशियोमीटर फिरवून ती हवी तेवढी कमी करता येते. साध्या अटेन्युएटरला त्रास असा की तो कितीही चांगला बनवा, जवळ गेल्यावर सिग्नल हँडीच्या प्लॅस्टिकच्या बॉडीतूनच सरळ आत घुसतो. इथे तो आत घुसला तरी आपण त्या फ्रिक्वेन्सीवर ऐकतच नसतो! मला ही आयडिया पूर्ण रेडिओच्या छंदातल्या सगळ्यात हुशार आयडियांपैकी एक वाटते.

प्रत्यक्ष शोधताना पहिली दिशा मिळाली रे मिळाली की त्या बाजूला धावत सुटायचं नाही. उंच, मोकळ्या जागेवर उभं राहून दिशा घ्या, नकाशावर रेघ मारा, मग बाजूला निदान काही शे मीटर जाऊन दुसरी घ्या. दोन रेघा जिथे कापतात तो भाग, आणि तिसरी घेतलीत तर एक छोटा त्रिकोण मिळतो. रेघा अगदी एकमेकींना समांतर असतील तर काही उपयोग नाही, काटकोनाच्या जवळपास हव्यात. आणि होकायंत्र वापरताना ते अँटेनापासून लांब धरा, टेप स्टीलची आहे, सुई तिच्याकडे वळते, फोनमधलं होकायंत्रसुद्धा तसंच चुकतं.

इमारती, पत्र्याच्या शेड, डोंगराची भिंत, जाळीचं कुंपण, यांच्यावर आपटून सिग्नल भलत्याच बाजूने येतो आणि कधी कधी तोच जास्त बळकट असतो. दोन पावलं पुढेमागे झाल्यावर दिशा एकदम बदलत असेल तर ती दिशा खोटी समजा आणि मोकळ्यात या. तिथे स्थिर राहिलेल्या दिशेवरच विश्वास ठेवायचा.

आता ज्याला कोल्हा लपवायचाय त्याच्यासाठी थोडं. ट्रान्समिट करणारा परवानाधारकच हवा, त्याची कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) नियमाप्रमाणे मधूनमधून गेली पाहिजे आणि वापरात असलेली फ्रिक्वेन्सी घ्यायची नाही. बागेएवढ्या जागेसाठी 100 मिलिवॉट पुरे होतात. जुनी हँडी वापरणार असाल तर लो पॉवरवरच, आणि सतत चालू ठेवू नका, तापते. नवशिक्यांसाठी अर्धा मिनिट चालू अर्धा मिनिट बंद चांगलं, तरबेज लोकांसाठी बंद वेळ वाढवत न्या. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधे पाच कोल्हे असतात, एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने एकेक मिनिट, म्हणजे प्रत्येकाची पाळी पाच मिनिटांनी येते. त्यांची मोर्समधली ओळख फार छान ठरवलीय, एमओ आणि पुढे पहिल्याला एक टिंब, दुसऱ्याला दोन, असं पाचव्याला पाच, म्हणजे मोर्स न येणाऱ्यानेही नुसती टिंबं मोजली तरी कुठला कोल्हा ते कळतं. या प्रकाराची पहिली जागतिक स्पर्धा 1980 मधे पोलंडमधे झाली, आणि तिथे लोक नकाशा घेऊन जंगलातून अक्षरशः पळत असतात.

डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा की हा रेडिओ क्लबचा ट्रान्समीटर आहे, धोका नाही, आणि संपर्कासाठी नंबर द्या. वायरी आणि अँटेना लागलेला बेवारस डबा बघून कुणीही घाबरेल आणि त्यात त्यांची चूक नाही. जागा ज्याची असेल त्याची परवानगी आधी घ्या. ट्रॅफिकच्या रस्त्याला लागून, पाण्याच्या काठावर, चढावं लागेल अशा ठिकाणी लपवायचं नाही, कारण शोधणाऱ्याचं सगळं लक्ष मीटरवर असतं, पायाखाली नसतं. पहिल्या वेळेला तर सोपंच लपवा, अर्ध्या-पाऊण तासात सापडेल असं. कुणालाच सापडला नाही तर लपवणाऱ्याला भारी वाटतं पण नवीन लोक पुढच्या वेळी येत नाहीत, हे मनापासून सांगतो.

गाडीतून शोधणार असाल तर चालवणारा वेगळा, अँटेना धरणारा वेगळा, याला अपवाद नाही.

कोल्हा दिसला की ओरडायचं नाही आणि त्याला हातही लावायचा नाही. डब्यावर लिहिलेला कोड टिपून घ्या, दोन मिनिटं आणखी शोधत असल्याचं नाटक करा आणि दुसऱ्याच बाजूला चालायला लागा, म्हणजे मागच्यांना फुकटात मिळणार नाही. सगळे परत आल्यावर प्रत्येकाच्या नकाशावरच्या रेघा एकाच मोठ्या नकाशावर काढा. कुणाची रेघ कुठे भरकटली, त्या जागी आसपास कुठला पत्रा किंवा भिंत होती, हे सगळ्यांनी मिळून बघण्यात जेवढं शिकायला मिळतं तेवढं एकट्याने शोधून मिळत नाही, म्हणून पहिला कोण आला ते जाहीर करायच्या आधी हे करा, नंतर लोक पांगतात.