मानेचा अ‍ॅब्सिंथ पिणारा कॉपी करायचाय? मग हे वाचा

फिगर पेंटिंग शिकताय तर फ्रेंच चित्रकार एदुआर मानेचं ‘अ‍ॅब्सिंथ पिणारा’ (अ‍ॅब्सिंथ म्हणजे एक कडक, हिरवट दारू) एकदा तरी कॉपी करा, रंग कमी लागतात पण डोकं भरपूर लागतं. मॉडेल होता कोलार्दे, पॅरिसच्या लूव्र म्युझियमच्या आसपास चिंध्या-भंगार वेचणारा माणूस. 1859 मध्ये पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या सरकारी चित्रप्रदर्शनाने, चित्र नाकारलं, ज्युरीत एकट्या चित्रकार देलाक्रवाने बाजू घेतली. माझ्या मते दुखणं फक्त दारूचं नव्हतं, सरदार-दरकदारांना शोभेल असा पूर्ण उंचीचा कॅनव्हास एका भंगारवाल्याला दिला हे जास्त झोंबलं असणार.

म्हणून आधी माप. मूळ चित्र साधारण 180 बाय 105 सेंटीमीटर, कोपनहेगनला आहे. आपल्याला 24 बाय 14 इंच बरोबर प्रमाणात बसतं, 18 बाय 24 चा रेडिमेड कॅनव्हास घ्या, उभा धरा आणि दोन्ही बाजूंनी 2-2 इंच मास्किंग टेप मारा. क्रॉप अजिबात नको, टोपी आणि चेहराच घेतला की उरतो नुसता बेवडा.

रंग: बर्न्ट अंबर, आयव्हरी ब्लॅक, यलो ऑकर, व्हाइट, आणि ग्लाससाठी चिमूटभर हिरवा. आधी मागची भिंत, मग झगा आणि टोपी एकाच गडद आकारात भरा, बटणं-घड्या नंतर. डोळे बारीक करून बघा, झगा आणि सावली जिथे एकमेकांत मिसळतात तिथे कड काढायची नाही, आपल्याकडे सगळे तिथेच आउटलाइन मारतात आणि चित्र कॅलेंडर होतं. पुढे आलेला पाय विचित्र वाटतो, वाटू द्या, सुधारायला जाऊ नका. पायाशी आडवी बाटली. ग्लास सगळ्यात शेवटी, मानेनेही तो मागाहून घातला असं तज्ज्ञ मानतात. आणि पावसाळ्यात ऑइलच्या नादी लागू नका, नाशिकच्या दमट हवेत वाळता वाळत नाही, अ‍ॅक्रिलिक वापरा.

कॉपी जमली की स्वतःचं करा, त्याशिवाय मजा नाही. रामकुंडाच्या बाजूला दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यात नाणी शोधणारे असतात, सकाळी लवकर गेलात तर कोवळं ऊन तिरपं येतं आणि दगडी पायऱ्यांवर लांब सावली मिळते, मानेच्या भिंतीवरच्या सावलीसारखी. आधी विचारा, “दादा, तुमचं चित्र काढू का?” नाही म्हणाले तर वही बंद. हो म्हणाले तर चहा-नाश्ता आणि बसल्या वेळेचे पैसे द्या, तेवढा वेळ त्यांचा धंदा बुडतो ना. झोकून पडलेल्या माणसाचा गुपचूप फोटो काढून त्यावरून चित्र, हे कृपया करू नका. बाटली दाखवायची काही गरज नाही, हातातली दोरी पुरे, फक्त डोक्यापासून पायापर्यंत अख्खा माणूस कॅनव्हासवर आला पाहिजे, पाय कापायचे नाहीत.