पीसी गरम होऊन खटकन बंद पडतोय? मदरबोर्ड बदलायच्या आधी घरी हे करून बघा

मागच्या मे महिन्यात अकोल्याहून मावशीचा फोन आला, "अरे कॉम्प्युटर रोज दुपारी बंद पडतोय, सकाळी चांगला चालतो, तीन वाजले की गेला, दुकानवाला म्हणतो मदरबोर्ड गेलाय." मी म्हटलं मावशी, अजून पैसे देऊ नकोस, सकाळी नीट चालणारा मदरबोर्ड रोज तीनलाच कसा जाईल? आधी मला एवढंच सांग, खोलीत किती गरम आहे. भिंतीवरच्या थर्मामीटरवर ४१ होतं. तिथून सुरुवात केली आणि शेवटी एक ब्रश आणि थर्मल पेस्टची (चिपची उष्णता वरच्या कूलरला नीट पोचावी म्हणून मधे लावतात ती) एक छोटी ट्यूब एवढ्यावर काम झालं. तेच सगळं नीट सांगतो, कारण दर उन्हाळ्यात कितीतरी घरांतून चांगली मशीन "बोर्ड गेला" म्हणून बदलली जातात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

एक गोष्ट आधीच. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आहे, इथे मी डब्याला कॅबिनेट आणि आतल्या चिपला प्रोसेसर म्हणतोय, नाहीतर गोंधळ होईल.

खरंच गरमीमुळे होतंय का, हे आधी ठरवा

प्रोसेसर काही एकदम बंद होत नाही. तो फार तापला, म्हणजे बहुतेक इंटेलच्या चिपांमध्ये १०० डिग्रीच्या आसपास आणि एएमडीच्या बऱ्याच चिपांमध्ये ९५ च्या आसपास, की आधी स्वतःचा स्पीड कमी करतो. तरीही तापमान वर जातच राहिलं तर मग जळू नये म्हणून सगळंच बंद करून टाकतो. म्हणून बंद पडायच्या आधीचे दिवस आठवून बघा, पीसी हँग व्हायला लागला होता का, यूट्यूबचा व्हिडिओ अडकत होता का, फॅनचा आवाज मिक्सरसारखा झाला होता का. तसं असेल तर गरमीचा संशय पक्का.

बंद पडल्यावर काय होतं तेही बघा. लगेच बटण दाबून सुरू केला की पुन्हा दोन-तीन मिनिटांत बंद, पुढच्या वेळी त्याहून लवकर बंद, पण अर्धा तास थांबलं की बराच वेळ चालतो, ही गरमीची खूण. सुरू केल्या केल्या काही सेकंदांतच बंद होत असेल तर बहुतेक प्रोसेसरवरचा फॅन फिरत नाहीये किंवा कूलर (प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पट्ट्यांचा आणि फॅनचा भाग) सैल होऊन चिपपासून सुटलाय. आणि गेम सुरू केला की एका क्षणात काळोख, तेव्हा तापमान मात्र जेमतेम ६०-६५, तर तो प्रोसेसर नाही, बहुतेक एसएमपीएस आहे, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना देणारा डबा, त्याचं पुढे सांगतो.

अजून एक, आणि हे लोक हमखास विसरतात. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे खोलीतले कूलर-एसी एकदम सुरू असतात आणि व्होल्टेज पडतं, यूपीएसची बॅटरी जुनी असेल तर ती अर्धा सेकंदही धरत नाही आणि पीसी बंद, आणि आपण म्हणतो गरम झाला. म्हणून एक दिवस यूपीएस काढून थेट भिंतीच्या चांगल्या सॉकेटला लावून बघा. घरातला बल्ब त्याच वेळी मिचकतोय का तेही बघा.

विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टममध्ये गेलात की "कर्नल-पॉवर ४१" अशी लाल नोंद दिसेल. ती बघून घाबरू नका, मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडलं एवढाच तिचा अर्थ, का बंद पडलं ते तिथे लिहिलेलं नसतं. पण तारीख आणि वेळ मिळते, ती कागदावर उतरवून घ्या. आठ-दहा नोंदींच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या की बऱ्याचदा चित्र दिसायला लागतं, मावशीच्या तर सगळ्या अडीच ते साडेपाचच्या मधल्या होत्या.

आता आकडा बघा, पण एकटा आकडा नको

एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प, प्रोसेसरचं तापमान दाखवणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, कुठलंही एक टाका. मी एचडब्ल्यूइन्फो सांगेन कारण त्यात लॉगिंग आहे, सेन्सरच्या खिडकीत खालचं लॉगिंगचं बटण दाबलं की तो दर दोनेक सेकंदांनी सगळे आकडे फाइलमध्ये लिहीत राहतो, मग पीसी बंद पडला तरी सुरू केल्यावर शेवटच्या ओळीत काय होतं ते वाचता येतं. शेवटच्या ओळीत प्रोसेसर ९८-१०० असेल तर चोर सापडला. ६० असेल तर चोर दुसरीकडे आहे.

लोड द्यायला, म्हणजे प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण कामाला जुंपायला, सीपीयू-झेड नावाच्या सॉफ्टवेअरमधल्या बेंच टॅबमध्ये स्ट्रेसचं बटण आहे, ते दहा मिनिटं चालवा आणि समोर बसून रहा, १०० ला टेकला की थांबवा.

आता महत्त्वाचं. नेटवर सगळीकडे "८० च्या खाली असावं" असं काहीतरी लिहिलेलं असतं, पण खोली पुण्यात जानेवारीत २२ डिग्री आणि अकोल्यात मे मध्ये ४१, दोन्हीकडे एकच आकडा कसा चालेल? कूलर म्हणजे काय, तर चिपची उष्णता खोलीतल्या हवेला देणारी पट्टी, खोलीपेक्षा थंड तो काहीही करू शकत नाही. खोली जितक्या डिग्रीने वाढली साधारण तितक्याच डिग्रीने प्रोसेसरही वाढतो. म्हणून वजाबाकी करा, फुल लोडवरचं तापमान वजा खोलीचं तापमान. प्रोसेसरच्या खोक्यात आलेला साधा कूलर आणि मधल्या ताकदीचा प्रोसेसर असेल तर फरक ४० ते ५० च्या मधे ठीक आहे. ६० च्या जवळ किंवा वर गेला तर धूळ, पेस्ट किंवा फॅन यांत गडबड आहे. मावशीकडे खोली ४१ आणि प्रोसेसर १०० ला जाऊन तिथेच चिकटलेला, म्हणजे ५९, आणि तोही स्पीड कमी करून. (अगदी नव्या ताकदवान चिपांना मात्र हा हिशोब लावू नका, रायझन ७००० सारख्या काही चिपा फुल लोडवर ९५ पर्यंत जायलाच बनवल्यात.)

पैसे खर्च करायच्या आधी एक फुकटची टेस्ट: कॅबिनेटचं बाजूचं दार काढा, समोर टेबल फॅन लावा आणि तेच काम करा. आता बंद पडत नसेल तर गरमीच. पण हा उपाय म्हणून कायमचा ठेवू नका, आत धूळ दुप्पट जाते, पाल शिरते, आणि घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको.

उघडा आणि साफ करा

पीसी शटडाऊन, मागचा एसएमपीएसचा स्विच बंद, वायर काढा, मग पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे राहिलेला करंट निघून जाईल. डबा गॅलरीत किंवा अंगणात न्या, नाकाला रुमाल बांधा, खरंच बांधा. मागचे दोन स्क्रू काढून समोरून बघताना डाव्या हाताचं दार सरकवा. काहीही हलवायच्या आधी मोबाईलवर चार फोटो काढून ठेवा, कुठली वायर कुठे होती हे नंतर आठवत नाही. आतल्या रंग नसलेल्या धातूला हात लावून मग कामाला लागा, अंगातली स्टॅटिक (स्थिर वीज) उतरते.

रंगाच्या दुकानातला एक इंची मऊ नवा ब्रश आणि हातातला ब्लोअर एवढं पुरतं. ओलं कापड नाही, आणि व्हॅक्यूम क्लिनरचं तोंड बोर्डाला लावायचं नाही कारण त्याने स्टॅटिक तयार होते. ब्लोअर मारताना प्रत्येक फॅनचं पातं बोटाने किंवा पेन्सिलने धरून ठेवा, हवेने तो भन्नाट फिरला की बेअरिंग खराब होतं.

आणि इथे नव्वद टक्के लोक फसतात असं मला वाटतं: वरून फॅन स्वच्छ दिसतो म्हणून पुढे जातात. धूळ वर नसतेच, ती फॅनच्या खाली, फॅन आणि अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मधे बसते, गोधडीच्या थरासारखी. टॉर्च बाजूने मारून बघा. मावशीकडे तो थर बोटभर जाड होता आणि चिकट होता, कारण कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, फोडणीचा तेलकट धूर आणि देवघरातली उदबत्ती दोन्ही त्याच हवेत. तसली चिकट धूळ नुसत्या हवेने निघत नाही, फॅन सोडवून ब्रशने खरवडावी लागते. एसएमपीएसच्या जाळीवर, कॅबिनेटच्या पुढच्या जाळीमागे आणि ग्राफिक कार्ड असेल तर त्याच्या फॅनमागेही असंच बघा.

साफ झाल्यावर दार उघडं ठेवून पीसी एकदा सुरू करा आणि सगळे फॅन फिरतायत ना ते बघा. कॅबिनेटला मागे फॅन असेल तर हवा बाहेर फेकायला हवी, पुढचा आत ओढणारा. टिशूचा तुकडा धरला की कळतं. उलटा बसवलेला फॅन मी दोन घरांत पाहिलाय.

पेस्ट बदलायची वेळ

साफ करूनही फरक ५५-६० च राहिला आणि मशीन चार-पाच वर्षं जुनं असेल तर कूलर आणि प्रोसेसरमधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली असणार. इंटेलच्या साध्या कूलरला प्लास्टिकच्या चार पिना असतात, प्रत्येकीचं डोकं बाणाच्या दिशेने पाव फिरवायचं आणि वर ओढायचं. एएमडीचा एएम४ वाला (एएम४ हा प्रोसेसर बसवायच्या सॉकेटचा प्रकार) असेल तर जपून, पेस्ट चिकटल्यामुळे कूलरबरोबर प्रोसेसरच उपटून येतो आणि पिना वाकतात. त्यासाठी आधी पीसी पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करा, बंद करून वायर काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत सोडवा, सरळ वर खेचू नका.

जुनी पेस्ट टिशूवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, थर मागे राहतो. टूथपेस्टने चालतं म्हणून व्हिडिओ फिरतात, ती काही दिवसांत वाळते, नादी लागू नका. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बस, पसरवायची गरज नाही, कूलरच्या दाबाने ती पसरते.

परत बसवताना पिनांची डोकी आधी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग तिरप्या समोरासमोरच्या दोन एकदम दाबा, टक् आवाज आला पाहिजे, मग उरलेल्या दोन. चारही पिना बोर्डाच्या मागे पूर्ण बाहेर आल्यात का हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मावशीकडे खरी गोम हीच होती, एक पिन अर्धी वर आलेली, कूलर एका कोपऱ्यात उचललेला, कदाचित आधी कोणीतरी साफ करताना तशी राहिली असावी. शेवटी फॅनची वायर बोर्डावर "सीपीयू फॅन" लिहिलेल्या जागीच लावा, नाहीतर सुरू करताना एरर येईल.

एसएमपीएस

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यानंतरही आतले कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) जीवघेणा करंट धरून असतात. बाहेरून जाळी साफ करा, फॅन फिरतोय का बघा, जळका वास येतो का बघा. तापून तो स्वतः बंद पडला असेल तर बऱ्याचदा बटण दाबून काहीच होत नाही, वायर काढून थोडा वेळ थांबून परत लावली की सुरू होतो, ही त्याची ओळख. ग्राफिक कार्ड नंतर घातलंय आणि एसएमपीएस मात्र कॅबिनेटसोबत फुकट आलेलाच आहे, असं असेल तर चांगल्या कंपनीचा ८० प्लस वाला (वीज कमी वाया घालवतो असं प्रमाणपत्र असलेला) घ्या, इथे पैसे वाचवू नका.

जागा आणि खोली

कॉम्प्युटर टेबलच्या त्या बंद कप्प्यातून डबा आजच बाहेर काढा, मागे किमान वीतभर जागा सोडा, जमिनीवर ठेवू नका, पश्चिमेच्या खिडकीतलं ऊन त्यावर येऊ देऊ नका. आणि विदर्भ-मराठवाड्यातल्यांनी हे नक्की ऐका, वाळ्याच्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. गार वाटतो पण त्या हवेत ओल असते, धूळ तिच्यामुळे चिखलासारखी चिकटते, आणि क्षाराचं पाणी उडालं तर बोर्डावर पांढरे डाग पडून गंज धरतो. कूलर खोलीला लावा, पीसीला नाही.

दुपारी काम थांबवताच येत नसेल तर तात्पुरता इलाज: कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, त्यात मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० चं ९९ करा. त्याने प्रोसेसरचा टर्बो (गरज पडली की आपोआप स्पीड वाढवणं) बंद होतो, स्पीड थोडा जातो पण तापमान चांगलंच उतरतं. काही नव्या मशीनवर हा पर्याय दिसत नाही. टास्क मॅनेजरही एकदा बघाच, काही न करता सीपीयू ७०-८० टक्के दिसत असेल तर मागे काहीतरी चालू आहे, अपडेट असेल किंवा चोरून बसलेलं, तुमच्या मशीनवर दुसऱ्यासाठी डिजिटल चलन कमावणारं एखादं मायनिंगचं सॉफ्टवेअर.

लॅपटॉप असेल तर गादीवर-उशीवर ठेवणं बंद करा, खालच्या जाळ्या बुजतात. उघडायची सवय नसेल तर आतली सफाई माहितगाराकडूनच करून घ्या.

हे सगळं करूनही बंद पडत असेल तर बोर्डावरचे छोटे उभे कपॅसिटर बघा, एखाद्याचं डोकं फुगलेलं किंवा त्यातून तपकिरी काही झिरपलेलं दिसलं तर मात्र खरंच दुरुस्तीवाल्याकडे न्या. जाताना बंद पडल्याच्या वेळा, खोलीचं तापमान आणि लॉगची शेवटची ओळ असा कागद सोबत ठेवा, "आपोआप बंद होतो" एवढंच सांगितलं तर त्यालाही अंदाजच बांधावा लागतो.

मावशीच्या कॅबिनेटच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवून आलोय, तारीख, खोली ३९, प्रोसेसर ८४, फरक ४५. दिवाळीच्या सफाईत पुन्हा मोजायचं ठरलंय.