इंग्रजीत भीती सांगताना: ‘स्केअर्ड’ की ‘स्केअरिंग’?

गोव्यात चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं मूल पाचवीत इंग्रजी माध्यमात गेलं की ‘मला सापाची भीती वाटते’ हे साधं वाक्य हमखास अडतं. मराठीत वाटते ती भीती. माणूस ‘ला’ लावून बाजूला राहतो. इंग्रजीत त्याच माणसाला वाक्याच्या तोंडाशी आणायचं, मग ‘ॲम, इज, आर’, मग क्रियापदाचं तिसरं रूप, मग ‘ऑफ’, शेवटी कारण: ‘आय ॲम स्केअर्ड ऑफ स्नेक्स.’

तिसऱ्या रूपाच्या जागी ‘इंग’ आलं की अर्थ फिरतो. ‘माय ग्रँडमदर इज फ्रायटनिंग’ म्हणजे आजीला पाहून दुसरे घाबरतात. आजी स्वतः घाबरली असेल तर ‘फ्रायटन्ड’.

कायमची धास्ती असेल तिथे ‘ऑफ’, एकदाच घडलेल्या गोष्टीने घाबरवलं तर ‘बाय’. सत्तरी तालुक्यातल्या बागायतदाराला गव्यांची भीती कायम असते: ‘ही इज टेरिफाइड ऑफ बायसन.’ काल वीज कडाडली आणि पोर घाबरलं: ‘द चाइल्ड वॉज फ्रायटन्ड बाय द थंडर.’ काळजीच्या ‘वरीड’ला मात्र ‘अबाउट’ लागतं. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, ट्रॉलरवाल्याला कर्जाची चिंता: ‘ही इज वरीड अबाउट हिज लोन.’

माडावर चढणाऱ्या पाडेलीचं उदाहरण मुलांकडून नीट घोटून घ्या. पडणं त्याच्या हातात नाही, म्हणून ‘ही इज अफ्रेड ऑफ फॉलिंग’. इथे ‘टू फॉल’ चालत नाही. पावसात माड निसरडा झाला आणि भीतीपोटी तो चढायलाच धजत नाही, तर ‘ही इज अफ्रेड टू क्लाइंब.’ ‘अफ्रेड’ हेही मुळात तिसरंच रूप, आज विशेषण झालंय. पण नामाआधी ते बसत नाही. ‘ॲन अफ्रेड बॉय’ चूक, ‘अ फ्रायटन्ड बॉय’ बरोबर.

‘फिअर’चं तिसरं रूप वापरताना सर्वांत जास्त जपा. ‘द टीचर इज फिअर्ड बाय द स्टुडंट्स’ यात घाबरतात विद्यार्थी, शिक्षक नव्हे. तसंच बातमीतलं ‘टू फिशरमेन आर फिअर्ड ड्राउन्ड’: मच्छीमार घाबरलेत असं ते सांगत नाही. दोघे बुडाले असावेत, अशी भीती इतरांना आहे.