मुलाखतीला जाताना लॅबची वही घ्या

एमएस्सीनंतर बायोफिजिक्सच्या लॅबमध्ये जेआरएफच्या, म्हणजे ज्युनिअर रिसर्च फेलोच्या, मुलाखतीला निघालेल्यांसाठी हे लिहितेय. माझी पहिली मुलाखत पुण्यातच झाली आणि एका प्रश्नावर अडली.

मार्कशीट, फोटो, ओळखपत्र, झेरॉक्स हे तुम्हाला माहीत आहे. नॉन-क्रीमी लेयर लागत असेल तर त्याची मुदत आजच बघा.

आता वही. एमएस्सीच्या प्रोजेक्टची, हाताने लिहिलेली, खाडाखोड असलेली मूळ वही. बाइंड केलेला रिपोर्ट म्हणजे वही नव्हे. माझ्याकडे रिपोर्ट होता. पाण्यात सोडलेले १ मायक्रॉन व्यासाचे पॉलिस्टायरीनचे मणी सूक्ष्मदर्शकाखाली कसे भरकटतात, ते मी मोजलं होतं. खोलीच्या तापमानाला त्यांचा विसरण गुणांक, म्हणजे ते किती वेगाने पसरतात त्याचं माप, सेकंदाला साधारण ०.५ चौरस मायक्रॉन यायला हवा. माझा ३ च्या आसपास आला होता आणि मी त्याचं खापर तापमानावर फोडलं होतं. समोरच्या मॅडमनी आलेख पाहिला आणि विचारलं, "एक पिक्सेल किती नॅनोमीटरचा धरलास?" मला आठवेना. स्टेज मायक्रोमीटरचा, म्हणजे काचेवरच्या बारीक मोजपट्टीचा, फोटो ४० पट मोठं दाखवणाऱ्या ऑब्जेक्टिव्ह भिंगावर काढला होता की १०० च्या? तेही आठवेना. सगळं वहीत तारखेसह होतं आणि वही डिपार्टमेंटच्या कपाटात.

त्यांनी कोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. मणी १०० वर चित्रित केले आणि माप ४० चं लावलं, तर अंतर अडीच पट जास्त येतं. गुणांकात अंतराचा वर्ग असतो, म्हणून उत्तर सव्वासहा पट. ०.५ चे ३. चूक झाली याचं त्यांना काही वाटलं नाही. ती नेमकी कुठे झाली हे मला दाखवता येईना, तिथे त्यांनी फाइल मिटली.

वही लॅबच्या मालकीची असते, घरी नेता येत नाही. मग गाईडना विचारून पानांचे फोटो काढा, आणि डिपार्टमेंट सोडण्याआधी काढा. कॅलिब्रेशनचं, म्हणजे पिक्सेलचं माप ठरवल्याचं, पान तर हवंच. मूळ व्हिडिओ आणि टिफ फाइल पेनड्राइव्हवर घ्या. जेपीजी चालत नाही, त्यात तीव्रतेचे मूळ आकडे बदललेले असतात.

ज्यांच्याकडे जाताय त्यांचे दोन पेपर वाचा. प्रस्तावना नका घोकू, पद्धतींचा भाग वाचा. ऑप्टिकल ट्वीझर्ससाठी, म्हणजे लेझरच्या झोतात सूक्ष्म मणी पकडणाऱ्या सापळ्यासाठी, आर्थर अ‍ॅश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं हे सांगून काही साधत नाही. सापळ्याचा ताठपणा मण्याच्या थरथरण्यावरून कसा काढतात ते सांगता आलं पाहिजे. त्यातही कॅलिब्रेशन आलंच, म्हणजे पुन्हा वही.

थोडे आकडे तोंडपाठ हवेत. खोलीच्या तापमानाला केटी, म्हणजे उष्णतेच्या थरथरीची ऊर्जा, सुमारे ४.१ पिकोन्यूटन-नॅनोमीटर. कायनेसिन या पेशीत ओझं वाहणाऱ्या प्रथिनाचं पाऊल ८ नॅनोमीटरचं, आणि साधारण ६ पिकोन्यूटनच्या ओढीला कायनेसिन अडतं. या दोघांचा गुणाकार ४८ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, म्हणजे एका पावलाचं काम. एका पावलाला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू लागतो, आणि त्यातून सुमारे २० केटी, म्हणजे त्याच एककात ८० च्या वर मिळतात. हिशेब बसतो. हे बोटांवर करता येणाऱ्याला पुढचे प्रश्न बरे विचारले जातात.

फिजिक्सवाल्यांनो, जीवशास्त्र बारावीत सुटलं असेल तर मायक्रोपिपेट, म्हणजे थेंबाहून कमी द्रव मोजून घेणारं साधन, आधी एकदा हातात धरून बघा. बटण पहिल्या टप्प्यापर्यंत दाबून द्रव ओढायचा, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. ओढतानाच दुसऱ्यापर्यंत दाबलं तर जास्त येतं आणि बफर, म्हणजे नमुन्याचं द्रावण, बिघडतो. गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारातच एनसीसीएस ही पेशीविज्ञानाची संस्था आहे, पाषाणला आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था आणि एनसीएल ही रसायन प्रयोगशाळा. तिथे काम करणारं कोणी ओळखीचं असेल तर एक दुपार मागून घ्या.

पैशाचं स्पष्ट विचारा, लाजू नका. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून स्वतःची जेआरएफ शिष्यवृत्ती असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी एसआरएफचे (सीनिअर रिसर्च फेलो) ४२,०००, घरभाडं वेगळं. प्रोजेक्टवरची जागा प्रोजेक्टबरोबर संपते, म्हणून किती महिने उरलेत ते विचारा. आणि प्रोजेक्टवर लागलात म्हणजे पीएचडीला नाव लागलं असं नाही, ती प्रवेशप्रक्रिया वेगळी.

निवड झाली तर मायग्रेशन सर्टिफिकेट, मेडिकल, खोली. ते ज्याचं त्याला जमतं.

विद्यापीठ चौकातली कोंडी धरून तासभर आधी निघा. निघताना पिशवी उघडून बघा, वहीच्या पानांचे प्रिंट आहेत ना.