आधी यादी, मग हलवाहलवी: रुबीत फायली आवरताना

रुबी ही प्रोग्रामिंग भाषा नव्याने शिकणाऱ्याला मी आधी वेब फ्रेमवर्क घ्यायला सांगत नाही, त्याच्याच डाउनलोड्स फोल्डरकडे बोट दाखवतो. पसारा खरा असतो, आणि तो आवरायला दहा ओळी पुरतात.

डिर.ग्लॉबला नमुना दिला की जुळणाऱ्या नावांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी, मिळते. सिलेक्ट हवं ते ठेवतं, रिजेक्ट नको ते गाळतं. एक्स्टेंशनवरून (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या भागावरून) गाळायचं असेल तर फाइल.एक्स्टनेमच्या उत्तराला डाउनकेस लावून ते लहान अक्षरांत आणा, नाहीतर कॅपिटल अक्षरांतलं एक्स्टेंशन असलेल्या फायली गुपचूप सुटतात.

खरी गंमत क्रम लावताना येते. 'रिपोर्ट-2' आणि 'रिपोर्ट-10' नुसत्या सॉर्टला दिले, तर 10 आधी येतो. रुबीला तिथे आकडा दिसत नाही, अक्षरं दिसतात, आणि 1 हे 2 च्या आधी. म्हणून सॉर्ट_बाय वापरायचं: त्याच्या ब्लॉकमध्ये (त्याला जोडून दिलेल्या कोडच्या तुकड्यात) नावातला आकडा रेगेक्सने, म्हणजे मजकुराचा नमुना शोधणाऱ्या सूत्राने, काढायचा आणि टू_आयने पूर्णांक करायचा. त्याच ब्लॉकमध्ये फाइल.साइझ लिहिलं की क्रम आकाराने लागतो, फाइल.एमटाइम लिहिलं की तारखेने. मात्र एमटाइम ही फाइल शेवटची बदलल्याची वेळ, तयार झाल्याची नव्हे. यावर बरेच जण अडतात.

इथवर एकही फाइल जागची हललेली नसते, आणि यादी पुट्सने छापून डोळ्यांखालून घालेपर्यंत हलूही नये. फाइल हलवणाऱ्या फाइलयुटिल्स.एमव्हीला त्याच नावाची फाइल पलीकडे सापडली, तर एमव्ही काही न विचारता त्या जुन्या फाइलवर नवी चढवते. त्यामुळे आधी फाइल.एक्झिस्ट? विचारा. (जुन्या ट्युटोरियलमध्ये याचं अनेकवचनी रूप, एक्झिस्ट्स?, दिसेल, रुबी 3.2 मध्ये ते काढून टाकलंय, त्यामुळे एरर येते.) शिवाय एमव्हीला नूप आणि व्हर्बोज हे दोन्ही पर्याय ट्रू करून द्या: कोणती फाइल कुठे गेली असती ते छापलं जातं, प्रत्यक्षात काहीच हलत नाही. ही सोय असताना लोक सरळ खऱ्या फोल्डरवर स्क्रिप्ट का सोडतात, मला कळत नाही.

नावावरून नाही, मजकुरावरून निवडायचं असेल आणि फायली मोठ्या लॉगच्या (प्रोग्रामने ओळीओळीने लिहिलेल्या नोंदींच्या) असतील, तर फाइल.रीड टाळा. ते अख्खी फाइल मेमरीत ओढतं. फाइल.फोरीच एकेक ओळ हातात देतं, आणि हवी ती ओळ सापडली की ब्रेक म्हणून पुढच्या फाइलकडे वळता येतं.